जि.प. हायस्कूलचा रिव्ह्यू: रिझल्टचा टक्का नंतर, आधी पट विचारा

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा सायन्सच्या रिकाम्या जागेसाठी कापला, एक कशासाठी कापला ते खाली येईलच. ज्यांना फक्त "पोरगं टाकू का नको" एवढंच पाहिजे त्यांना उत्तर इथंच देतो, टाका. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

शाळा कुठली तर चोपडा-यावल पट्ट्यातली, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोड सोडून सातपुड्याकडे आत वळलं की लागते ती. जिल्हा परिषदेचं हायस्कूल, पाचवी ते दहावी, मराठी मिडीयम, आठवीपासून सेमी-इंग्रजीची एक तुकडी. गावाचं नाव टाकत नाही कारण मला याच गावात राहायचंय. आपल्याकडे जि.प. म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर चौथी नाहीतर सातवीपर्यंतची शाळा येते, पुढचं हायस्कूल कोणत्यातरी संस्थेचं असतं, अनुदानित, आणि संस्थेचे अध्यक्ष म्हणजे माजी कोणीतरी. दहावीपर्यंतचं जि.प.चं हायस्कूल तसं कमीच सापडतं, आणि जे आहे त्याला लोक धरूनच चालतात की जिकडे कुठेच जमलं नाही त्यांची ही शाळा. माझी मोठी पोरगी इथूनच दहावी झाली, धाकटा सध्या आठवीत आहे. शिवाय माझं ई-सेवा केंद्र शाळेच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर आहे, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म सगळे माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे या शाळेत कोणाची पोरं शिकतात हे मला काही मास्तरांपेक्षा जास्त माहिती आहे असं म्हटलं तर राग येऊ देऊ नका.

आता रिझल्ट. निकाल लागला की तालुक्याच्या बसस्टँडबाहेर बॅनर बघा, "याही वर्षी १०० टक्के निकालाची परंपरा कायम", खाली टॉपर पोरांचे फोटो आणि वर अध्यक्षांचा फोटो टॉपरपेक्षा मोठा. आमच्या शाळेचं बॅनर लागत नाही, एक तर त्याचे पैसे कोण देणार आणि दुसरं म्हणजे इथे १०० टक्के क्वचितच लागतो, दरवर्षी काही पोरं राहतात, बहुतेक गणितात नाहीतर इंग्रजीत. मग जूनमध्ये दाखल्याला आलेला पालक मला विचारतो, "भो, तठे शंभर टक्का लागस, आठे नही लागस, मंग आठे काबर टाकू?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणूनच हे लिहायला बसलोय.

पहिलं म्हणजे दहावी पास होणं ही आता काही वेगळी गोष्ट राहिलेली नाही. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के, आपल्या नाशिक विभागाचा म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून ९३.०४, त्याच्या आदल्या वर्षी राज्याचा ९५.८१. म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव पोरं पास होतातच, मग एका शाळेचा ९६ आणि दुसरीचा ९२ यावरून शिकवण्यात फरक किती आणि कुठे ते कसं कळणार. आणि हा टक्का मुळात कशाने हलतो ते बघा, २०१८ ला राज्याचा निकाल होता ८९.४१, २०१९ ला धाडकन ७७.१० वर आला, २०२० ला परत ९५.३० वर गेला. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी एकदम हुशार झाली असं तर नाही ना. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क बंद केले होते आणि अभ्यासक्रमही नवीन होता, पुढच्या वर्षी ते २० मार्क परत आले, वरून लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे मार्क सरासरीने मिळाले. २०२१ ला तर परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५. परीक्षा न घेता सगळ्यात भारी निकाल लागला, याच्यापुढे मी काय बोलू. अंतर्गतचे २० पैकी १८-१९ आमची शाळाही देते हं, त्या बाबतीत कोणीच सोवळं नाही.

दुसरं, छोट्या शाळेत टक्का म्हणजे नुसता लपंडाव. दहावीच्या वर्गात ४० पोरं असतील तर एक पोर नापास झालं की अडीच टक्के गेले. एका पोराला पेपरच्या दिवशी ताप आला तरी शाळा तालुक्यात पाच नंबर खाली जाते आणि पेपरवाला लिहितो निकालात घसरण.

तिसरं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हे बॅनरवाले कधीच सांगणार नाहीत, शंभर टक्क्यांचा अर्धा खेळ नववीतच झालेला असतो. जे पोरगं कच्चं आहे त्याच्या बापाला नववीच्या शेवटी बोलावतात, समजावतात, तुमचं पोरगं आमच्याकडून बसलं तर राहील बिचारं, वर्ष वाया जाईल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा. १७ नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून. पोरगं पास होवो का नापास, शाळेच्या निकालात ते धरलंच जात नाही. रावेर-यावलला केळीचा एक्सपोर्टवाला व्यापारी येतो, बागेत फिरून निवडून घड कापतो, बाकीचे तिथेच ठेवतो आणि म्हणतो माझा माल शंभर टक्के ए ग्रेड, तसलाच हा प्रकार. १७ नंबरचे फॉर्म ऑनलाइन भरायला पोरं माझ्याकडेच येतात ना, दरवर्षी कोणकोणत्या शाळांच्या नववीतून येतात ते मला दिसतं, नावं घेत नाही. आमच्या जि.प. हायस्कूलमधून असं ढकललेलं पोरगं माझ्या टेबलावर मी बघितलेलं नाही. हेडमास्तर सरांचं सरळ म्हणणं आहे की माझ्या वर्गात बसलं ते माझ्याकडूनच परीक्षेला बसेल, राहिलं तर जुलैला परत बसवू. या एका गोष्टीसाठी मी दोन स्टार देतो.

म्हणून मी पालकांना सांगतो, टक्का विचारू नका, आठवीला किती होते, नववीला किती उरले आणि दहावीला शाळेकडून किती बसले ते विचारा. शाळा नाही सांगणार तर युडायसचं, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीचं, रिपोर्ट कार्ड ऑनलाइन फुकट निघतं, शाळेचा ११ आकडी कोड टाका नाहीतर नावाने शोधा, त्याच्यात वर्गवार मुलं-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, संडास सगळं येतं. दोन-तीन वर्षांचं काढा आणि तिरकं वाचा, म्हणजे आधीच्या वर्षीची आठवी, मग पुढच्या वर्षीची नववी, मग त्याच्या पुढची दहावी. एखाद्या शाळेत आठवी भरलेली आणि दहावी अर्धी दिसली की बॅनर कसं छापलं ते कळतं. कधीकधी दहावीला उलट पोरं वाढलेली पण दिसतात, तो वेगळा धंदा आहे, पोरगं कोटा नाहीतर नाशिकला क्लासला आणि नाव गावाकडच्या शाळेत.

आता पोरं कोण आहेत ते. हेडमास्तरांच्या ऑफिसात खुर्चीच्या मागे काळा फळा आहे, खडूने पट लिहिलेला, वर्गवार आणि प्रवर्गवार, एससी, एसटी, व्हीजे, एनटी, एसबीसी, ओबीसी, ओपन, आणि शेवटी अल्पसंख्याकचा वेगळा रकाना. अॅडमिशनला गेलात की तो फळा नीट वाचा, सगळी शाळा त्याच्यात आहे. आमच्याकडे एसटीचा रकाना सगळ्यात भरलेला. जळगाव जिल्हा म्हटला तर २०११ च्या जनगणनेत आदिवासी साधारण १४ टक्के, धुळ्यात ३१-३२, नंदुरबारात ६९ च्या आसपास, पण जिल्ह्याची सरासरी सातपुड्याच्या पायथ्याला काही कामाची नाही, इथं वरच्या पाड्यांवरून पावरा आणि बारेला पोरं उतरतात, गावात भिल्ल वस्ती आहे, तडवी आहेत. तडवी म्हणजे धर्माने मुसलमान आणि प्रवर्गाने एसटी, म्हणजे एकच पोरगं दोन रकान्यांत, त्यामुळे नवीन आलेला क्लार्क बेरीज करत बसतो आणि त्याची बेरीज जुळत नाही. मग कोळी, माळी, धनगर, बौद्ध वस्तीतली पोरं, आणि पाटलांची म्हणाल तर थोडी, ज्यांच्या बापाला व्हॅनचे पैसे परवडत नाहीत त्यांची. बाकीची पाटील-गुजर मंडळी सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला जाते, इंग्लिश मिडीयमला.

बरं हा पट जागेवर राहत नाही. यातल्या कितीतरी पोरांचे बाप सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे. सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरते, मालक बदलला की घर बदलतं, गाव बदलतं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पोरगं गायब आणि जूनमध्ये दुसऱ्याच गावातलं एक नवीन पोरगं दाखला न घेता दारात उभं. दिवाळी झाली की काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली-सुरत साइडला, मार्चपर्यंत परत येत नाहीत. त्याच्याही आधी कापूस वेचणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातवी-आठवीच्या मुली वर्गात कमी आणि शेतात जास्त दिसतात, मजुरी किलोवर असते त्यामुळे आईबरोबर दोन हात जास्त असले की घरात दोन पैसे जास्त येतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मायबाप कामाला गेले की पोरं गावातच राहावीत म्हणून, पण ती मंजूर होऊन चालू होईपर्यंत अर्धा हंगाम निघून गेलेला असतो, तोपर्यंत आजी असली तर पोरगं राहतं, नसली तर गेलं. मग तुम्ही सांगा, ज्या पोराने नववीत जेमतेम अर्धं वर्ष शाळा बघितली त्याला दहावीला ५२ टक्के मिळाले आणि तालुक्याला क्लास लावलेल्याला ८८, तर कोणत्या शाळेने जास्त काम केलं? याचा रकाना कुठल्याच निकालपत्रकात नाही.

भाषेचं तर विचारूच नका. पाड्यावरच्या पोराच्या घरात पावरी, गल्लीत अहिराणी, टीव्हीवर हिंदी, आणि पुस्तक मराठी. वरून सायन्स-गणित इंग्रजीत पाहिजे म्हणून सेमीचा हट्ट. मास्तरही सगळे इथले नाहीत, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लातूर-बीडकडचे सर आले होते, पोराला विचारलं गृहपाठ का नाही केला तर ते म्हणालं "सर, दप्तर घरच राही गयं", सर बघतच राहिले. पण तेच सर वर्षभरात अहिराणी बोलायला लागले आणि आता बाजारात भाजीवालीशी घासाघीस अहिराणीतच करतात. पाचवीच्या मॅडमनी तर पावरी शब्दांची वहीच केली आहे, पोरांकडून विचारून विचारून, आधी त्यांच्या शब्दात सांगतात, मग मराठीत. हे कोणी सांगितलेलं नाही, कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही. माझ्या मते त्या मॅडम म्हणजे या शाळेतली सगळ्यात भारी गोष्ट, आणि त्यांची बदली झाली की ती वही कुठं जाईल देव जाणे.

आता तो कापलेला एक स्टार. सेमीची तुकडी. आठवीला सेमी कोणाला आणि साधं मराठी कोणाला हे ठरवायला शाळा जूनमध्ये पालक मीटिंग घेते, कामाच्या दिवशी, दुपारी बाराला. आता सालदार दुपारी बाराला येणार कसा, खाडा पडला की मजुरी कापली जाते. मग मीटिंगला कोण येतो, दुकानदार, ज्याचा भाऊ ग्रामपंचायतीत आहे तो, अंगणवाडी ताई, आणि माझ्यासारखे. जे आले त्यांची पोरं सेमीत, जे नाही आले त्यांची आपोआप दुसऱ्या तुकडीत, चाचणी वगैरे नावाला. कोणी ठरवून जातीवर तुकड्या पाडल्या नाहीत, पण आठवीच्या दोन्ही वर्गांच्या दारात उभं राहून हजेरीची आडनावं ऐका, एका वर्गात गाव आणि एका वर्गात पाडा. आणि गणिताचे चांगले सर सेमीला, दुसऱ्या तुकडीला ज्याचा तास मोकळा असेल तो. दहावीला मग नापास होतात ती पोरं बहुतेक त्याच तुकडीची आणि शाळेचा निकाल मात्र एकच आकडा छापतात, त्याच्यात हे सगळं झाकून जातं. हे मी शाळा व्यवस्थापन समितीत बोललोय, समितीत नियमाने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत, आमच्या समितीतही पाड्यावरच्या दोन मावश्या कागदावर आहेत, त्यांच्या सह्या शिपाई घरी जाऊन घेऊन येतो. मीटिंग संध्याकाळी सातला ठेवा, पाड्यावर जाऊन घ्या, एवढंच माझं म्हणणं होतं. "बघू" म्हणाले. माझा स्वतःचा पोरगा सेमीत आहे हे पण सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच.

तसलंच अजून एक, भोंगऱ्याचा आठवडा. होळीच्या आधी पावरा-बारेला समाजाचे भोंगऱ्या बाजार भरतात, पोरं वर्षभर वाट बघतात, बाहेर कामाला गेलेले लोकसुद्धा त्यासाठी परत येतात. तेव्हा दहावी बोर्डाच्या पेपरात असते, ती ठीक आहे, पण आठवी-नववीची घटक चाचणी त्याच आठवड्यात कशाला ठेवायची? निम्मा वर्ग गैरहजर, मग शेऱ्यात "अनियमित". गणपतीच्या आठवड्यात चाचणी ठेवून बघा म्हणावं.

आठवीनंतर पोरं का गळतात याच्यावर लोक मोठमोठी भाषणं करतात, साधं कारण बघा. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो. नववीला गेलं की तिन्ही बंद. आतडी तीच, भूक तीच, फक्त इयत्ता वाढली. वर आता आठवीला परत वार्षिक परीक्षा आली आहे, पाचवी आणि आठवीला नापास झालं तर फेरपरीक्षा आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. २०२३-२४ पासून चालू आहे. ज्याचं कपाशीच्या हंगामात बुडालं त्यालाच हे बसणार. आमच्या शाळेत मास्तर लोक मेमध्ये फेरपरीक्षेचे वर्ग घेतात, एवढ्या उन्हात, याचं श्रेय देतो. नववी-दहावीच्या पोरांना दुपारी उरलेली खिचडी कधीकधी गुपचूप मिळते, ते नियमात बसतं का नाही मला विचारू नका.

मुलींचं त्यातल्या त्यात बरं आहे. एसटी बसचा पास मुलींना मोफत, मानव विकास योजनेची निळी बस दोन पाड्यांच्या फाट्यापर्यंत येते, सायकली मिळाल्यात. बस आली नाही तर मात्र त्या दिवशी एक अख्खा बाक रिकामा. दहावीत मुलींचे मार्क मुलांपेक्षा चांगलेच असतात, दरवर्षी, त्यात काही नवीन नाही. अडचण दहावीनंतर आहे, अकरावीला तालुक्याला जायचं म्हटलं की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात.

शिक्षकांबद्दल. इंग्रजीच्या मॅडम कडक आहेत आणि चांगल्या आहेत. गणिताचे सर भारी, वर सांगितलंच. सायन्सची जागा बरीच वर्षं रिकामी, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, टिकत नाही, लॅबला कुलूप, आत परीक्षानळ्यांवर धूळ. माझ्या पोरीने दहावीच्या प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण लिहिली, प्रयोग किती केले ते तिलाच विचारा. गॅदरिंगला कोणी पाहुणा उभा राहिला की साने गुरुजी आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिकवायचे हे सांगतोच, सायन्सची जागा कधी भरणार ते एकही सांगत नाही. आणि जे शिक्षक आहेत त्यातले दोन बीएलओ, मतदार याद्या घेऊन फिरतात, बाकी वेळ पोर्टलवर माहिती भरण्यात.

जागा रिकामी राहण्यामागे अजून एक भानगड आहे, ती मी रोज बघतो म्हणून सांगतो. शिक्षक किती मंजूर होणार हे संच मान्यतेवर ठरतं आणि संच मान्यतेत आधार जुळलेलीच पोरं मोजतात. पाड्यावरच्या पोराचं शाळेत नाव एक, आधारवर एक, जन्मतारीख सगळ्यांची १ जून नाहीतर १ जानेवारी, काहींचं आधारच नाही. पोरगं वर्गात बसलंय, खिचडी खातंय, कविता म्हणतंय, पण मोजणीत नाही. १५ मार्च २०२४ चा संच मान्यतेचा जीआर आल्यापासून कमी पटाच्या शाळांत तर सगळेच धास्तावलेत. आमचे क्लार्क भाऊ सुट्टीच्या दिवशी पोरांना मोटरसायकलवर बसवून माझ्याकडे आणतात, नावं दुरुस्त करायला. शहरातल्या ज्या शाळेत अशी पोरंच नाहीत तिला हा ताप नाही, आणि जिथं शिक्षक सगळ्यात जास्त पाहिजे तिथंच मोजणी कमी भरते.

कागदाचीच गोष्ट निघाली तर या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, पोरांच्या नावनोंदणीचं, म्हणजे सोनं आहे. एसटीच्या जात पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, ओबीसीला १९६७ च्या, आणि आमच्याकडच्या टोकरे कोळी (हे एसटीत येतात) लोकांचं घोडं तर कायम तिथंच अडतं, आजोबाच्या नोंदीत नुसतं "कोळी" लिहिलेलं असतं. अशा वेळी जुन्या रजिस्टरमधली एक ओळ कामाला येते. कुणबी नोंदी शोधायला कमिटी बसली तेव्हा सगळा गाव शाळेत आला होता, ज्यांनी पोरं इंग्लिश मिडीयमला टाकली ते पण. तेव्हा जि.प.ची शाळा बरी लागली.

एनएमएमएस स्कॉलरशिपबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आठवीत परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, आणि फक्त सरकारी, अनुदानित, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेतल्या पोरांनाच बसता येतं. म्हणजे व्हॅनमध्ये बसून जाणाऱ्या विनाअनुदानितवाल्याला ही लाइनच बंद. आमची शाळा दिवाळीपासून रोज एक जादा तास घेते, बुद्धिमत्तेचा पेपर सोडवून घेतात, दरवर्षी काही पोरं लागतात आणि त्यात सालदारांची पण असतात. एका सालदार भाऊच्या घरात वर्षाला १२ हजार म्हणजे काय ते मी सांगायला नको. पैसे अडकतात ते बँकेच्या खात्यात आणि आधारात नाव वेगळं असल्यामुळे, तेवढं आधी बघून घ्या.

बाकी किरकोळ. मुलींचे संडास चालू आहेत, पाणी उन्हाळ्यात टँकरचं. ग्राउंड मोठं, खो-खोला पोरं जिल्ह्यापर्यंत जातात. वाचनालय म्हणजे एक कपाट, पण त्याची चावी पोरांकडे असते. कॉम्प्युटर लॅब आहे, लाइट नाही. फी नावाचा प्रकार जवळपास नाहीच.

कोणासाठी चांगली नाही तेही सांगतो. पोराला आयआयटी-नीटच्याच रस्त्याला लावायचंय, घरी बसून सायन्स शिकवणारं कोणी नाही, आणि क्लासचे पैसे आहेत, तर सायन्सची जागा भरेपर्यंत थांबा नाहीतर दुसरीकडे बघा, उगाच मला शिव्या देऊ नका. पण नुसतं बॅनर बघून पोरगं तालुक्याला पाठवत असाल तर आधी ते तिरकं वाचायचं सांगितलं तेवढं करा. आमच्या गल्लीतल्या आप्पांना हे सगळं ऐकवलं तर ते म्हणाले, "रिझल्ट लिसन काय करशी, मास्तर वर्गात येस का नही ते देख." आप्पांचं पण चुकीचं नाही, इथं येतात.

अॅडमिशनला जाणार असाल तर पोराचं आधार, जन्माचा दाखला, आधीच्या शाळेचा दाखला, आणि बापाचा जातीचा दाखला असला तर त्याची झेरॉक्स. आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, तसं कोणी म्हटलं तर आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं नाव काढा. सेमी पाहिजे असेल तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, मीटिंगची वाट बघू नका, आणि शेजारी कोणी सालदार असेल तर त्याच्याही पोराचा अर्ज सोबत नेऊन द्या. हेडमास्तर सर सकाळी भेटतात, दुपारनंतर त्यांची तालुक्याला मीटिंग असते.